४४ मिनिटांचे एकच गाणे आणि न सापडणारी गोष्ट

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण लिहिता की, जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हा १९७२ चा अल्बम आपण चार वेळा ऐकायला घेतला आणि चारही वेळा पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला सोडून दिला. गाण्याचे शब्द छापून समोर ठेवले, तरी गोष्ट कोणाची आहे आणि ती कुठून कुठे जाते, हे उमगले नाही. लहानपणापासून ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत आल्यामुळे तासभर एका जागी बसण्याची सवय आपल्याला आहे, मग इथेच का अडते, असे आपण विचारले आहे. शिवाय जुनी रेकॉर्ड मिळवावी की नवी आवृत्ती पुरेल, हाही प्रश्न आहेच.

मी गेली एकतीस वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्यातली अलीकडची बारा-तेरा वर्षे मुख्यतः जुन्या रेकॉर्ड आणि टेपा डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्यात गेली. महिन्यातून एकदा आठ-दहा मंडळींना बोलावून एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवण्याचा परिपाठ आहे. हा अल्बम मी आजवर सहा वेळा ऐकवला आणि दर वेळी बसलेल्यांपैकी निम्मे लोक, आपण जिथे सोडता, साधारण तिथेच चुळबुळ करू लागले. तेव्हा दोष आपल्या कानांचा आहे, हा विचार आधी मनातून काढून टाकावा.

माझ्या समजुतीप्रमाणे आपली अडचण लांबीमुळे आलेली नसून ‘कॉन्सेप्ट अल्बम’, म्हणजे एकाच कल्पनेभोवती बांधलेला अल्बम, या दोन शब्दांमुळे आलेली आहे. हे शब्द कानावर पडले की आपण आपोआप कथानक शोधू लागतो: कोणीतरी नायक असेल, त्याच्यावर काही संकट येईल, शेवटी काहीतरी निकाल लागेल. काही अल्बमांमध्ये असे कथानक असतेही. ‘द हू’ या बँडचा १९६९ चा ‘टॉमी’ घ्या. त्यात ऐकू, पाहू आणि बोलू न शकणाऱ्या एका मुलाची गोष्ट क्रमाने सांगितलेली आहे. (त्या अल्बमचे मुख्य गीतकार पीट टाउनशेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी, आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव छापलेले आहे. नगरजवळच्या मेहेराबादला जाणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते, म्हणून ओघात सांगितली.) ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये मात्र अशी गोष्ट नाही. त्यातली गोष्ट गाण्यात नाही, वेष्टनावर आहे. आणि गाण्यात जे आहे ते शब्दांपेक्षा सुरावटींच्या परत येण्यातून सांगितलेले आहे. आपण शब्द हातात धरून बसलात, म्हणजे नेमके जिथे काही सापडणार नाही तिथे शोधत राहिलात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. आपण घरातल्या स्पीकरवर ऐकता की बसमध्ये हेडफोन लावून, आपल्या यंत्रात दोन तुकड्यांमध्ये क्षणभर शांतता पडते की नाही, इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गन यांच्या एकत्रित गलबल्याची कानाला किती ओळख आहे, इंग्लंडमधल्या गावगाड्याच्या विनोदाशी आपला कितपत परिचय आहे, या सगळ्यावर अनुभव बदलतो. माझा मार्ग प्रत्येकाला लागू पडलेला नाही. आमच्या बैठकीतल्या एक बाई, ज्यांचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, त्यांना हा अल्बम तीनदा ऐकूनही आवडला नाही, आणि त्यांची कारणे मला पटण्यासारखी होती. त्यांचे म्हणणे पुढे येईल.

आता वेष्टनावरच्या गोष्टीकडे वळतो. १९७१ मध्ये जेथ्रो टलचा ‘अ‍ॅक्वालंग’ हा अल्बम आला आणि समीक्षकांनी त्याला कॉन्सेप्ट अल्बम ठरवून टाकले. बँडचे प्रमुख इयन अँडरसन यांना हे मान्य नव्हते. ती केवळ सुटी गाणी आहेत, असे ते सांगत राहिले. कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी ठरवले की यांना कॉन्सेप्ट अल्बमच हवा असेल, तर असा देऊ की सगळ्या कॉन्सेप्ट अल्बमांचा बाप शोभेल. म्हणजे मूळ हेतू टवाळीचा होता. माँटी पायथन या मंडळींच्या अतर्क्य विनोदाचा तो काळ, आणि त्याची छाया या सगळ्या उद्योगावर स्पष्ट दिसते.

मूळ रेकॉर्डचे वेष्टन म्हणजे १२ पानांचे एक खोटे स्थानिक वृत्तपत्र होते. नाव ‘द सेंट क्लीव्ह क्रॉनिकल अँड लिनवेल अ‍ॅडव्हर्टायझर’, तारीख ७ जानेवारी १९७२, किंमत ३ पेन्स. पहिल्या पानावरची मुख्य बातमी अशी की जेराल्ड बॉस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ या दीर्घकाव्याला स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला होता. पण ती कविता बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर वाचली गेल्यानंतर निषेधाचा पाऊस पडला, बालमानसतज्ज्ञांनी मुलाच्या डोक्यात काहीतरी बिनसले असल्याचा निर्वाळा दिला, आणि परीक्षकांनी बक्षीस काढून घेऊन ते एका मुलीच्या ख्रिस्ती नीतिमत्तेवरच्या निबंधाला दिले. रेकॉर्डवरच्या श्रेयनामावलीत गीतलेखक म्हणून अँडरसन यांच्या बरोबरीने या मुलाचे नाव छापलेले असल्यामुळे अनेक श्रोत्यांना तो खराच वाटला. आतल्या पानांवर गावातल्या क्षुल्लक बातम्या, खेळांचे निकाल, जाहिराती, शब्दकोडे, एका दंडाधिकाऱ्याने स्वतःलाच दंड ठोठावल्याचे वृत्त, आणि कळस म्हणजे खुद्द या अल्बमचे परीक्षण. बँड ज्या कंपनीसाठी मुद्रण करत असे, त्या क्रिसॅलिसमधले रॉय एल्ड्रिज हे पूर्वीचे पत्रकार. त्यांनी या मांडणीचा भार उचलला आणि मजकूर मुख्यतः अँडरसन, बासवादक जेफ्री हॅमंड आणि ऑर्गनवादक जॉन इव्हन यांनी लिहिला. संगीतापेक्षा या वृत्तपत्रालाच जास्त वेळ लागला, असे अँडरसन यांनी पुढे सांगितले आहे, आणि ज्याने कधी पानभर तरी मजकूर जुळवून छापून घेतला असेल त्याला ते सहज पटेल.

या वृत्तपत्राशिवाय अल्बम ऐकणे म्हणजे काय, हे मला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येते. १९८०च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, माझ्याकडे हा अल्बम आला तो एका मित्राने भरून दिलेल्या सी-९० कॅसेटवर. सी-९० च्या एका बाजूला ४५ मिनिटे मावतात आणि हा पूर्ण अल्बम जेमतेम ४४ मिनिटांचा, त्यामुळे मित्राने रेकॉर्डच्या दोन्ही बाजू कॅसेटच्या एकाच बाजूवर बसवल्या होत्या. मध्ये रेकॉर्ड उलटताना त्याने पॉजचे बटण दाबले, त्याचा एक खटका तेवढा राहिला. वेष्टन मी पाहिलेले नव्हते. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने नाव लिहिलेले होते, बस्स. जवळजवळ सहा वर्षे मी हे गाणे एखाद्या गंभीर, दुःखी कवीचे आत्मकथन समजून ऐकले. शीर्षकाचा अर्थ ‘विटेसारखा ठोंब्या’, म्हणजे आपल्याकडे ज्याला मठ्ठ किंवा दगड म्हणतात तो. त्यातही मी काहीतरी तात्त्विक अर्थ लावून ठेवला होता. पुढे एका जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडे ते वृत्तपत्र हातात आले आणि दुकानात उभ्या उभ्या मला हसू आवरेना. आणि तरीही, घरी येऊन पुन्हा ऐकले तेव्हा गाणे मुळीच हास्यास्पद वाटले नाही. हा अनुभव मला आजही महत्त्वाचा वाटतो.

विडंबन करणाऱ्याला मूळ प्रकार मूळ लेखकाइतकाच यावा लागतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. केशवकुमारांची विडंबने टिकली ती त्यांची वृत्तांवरची हुकमत पक्की होती म्हणून. अँडरसन यांनी थट्टा करायला घेतली, पण थट्टा नीट वठवायची तर खरोखरच अखंड, दोन बाजू भरून टाकणारी रचना उभी करावी लागणार होती. आणि ती उभी करता करता थट्टा वेष्टनावर उरली, रेकॉर्डच्या खाचांमध्ये मात्र एक मनापासून केलेले काम उतरले. या अल्बमबद्दल माझे मत विचाराल तर ते एवढेच आहे.

ही रचना झाली कशी, हे समजले की गोष्ट का सापडत नाही त्याचाही उलगडा होतो. लंडनच्या बर्मंडसी भागात रोलिंग स्टोन्सच्या मालकीच्या तळघरात सराव चालत असे. अँडरसन सकाळी काही मिनिटांचे संगीत आणि शब्द लिहीत, दुपारी ते इतरांना शिकवत, आदल्या दिवशीच्या तुकड्याला जोडत, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवून बघत. डिसेंबर १९७१ मध्ये मॉर्गन स्टुडिओत, रॉबिन ब्लॅक या ध्वनिमुद्रकाबरोबर, हे सगळे मुद्रित झाले आणि मार्च १९७२ मध्ये अल्बम बाजारात आला. आधी कथानकाचा आराखडा आणि मग गाणी, असा हा क्रम नव्हता. रोज थोडे पुढे सरकायचे आणि वळून मागचे सूर पुन्हा उचलायचे, अशी ती विणकाम केल्यासारखी पद्धत होती. अशा विणीत धागा शोधायचा तर तो सुरांचाच सापडणार.

तो धागा आता हातात देतो. अल्बम सुरू होतो तो अकूस्टिक गिटारच्या एका साध्या, खेळकर सुरावटीने. तिच्यावर अँडरसन यांचा आवाज आणि मधूनच बासरी. सुमारे तीन मिनिटांनी हे शांत पान संपते आणि पूर्ण बँड तुटून पडतो: मार्टिन बार यांची इलेक्ट्रिक गिटार, इव्हन यांचा हॅमंड ऑर्गन, आणि या अल्बमपासून नव्याने आलेले ढोलवादक बॅरिमोर बार्लो. इथे एक मुलगा जन्माला आल्याचे गायले जाते. ही चाल नीट लक्षात ठेवावी. पुढे कवी आणि चित्रकार येतात, सैनिक येतो, बाप आणि त्याच्या पश्चात उभा राहणारा मुलगा येतो, वरच्या वर्गाचा तोरा येतो, आणि पहिल्या बाजूच्या शेवटाकडे लहानपणच्या चित्रकथांमधल्या वीरांना हाका मारल्या जातात. या हाकांची चालही लक्षात ठेवावी. मग तुटक, ठोके मारल्यासारखे वाद्यसंगीत विरत जाते आणि बाजू संपते.

दुसरी बाजू वाऱ्याच्या आवाजातून सुरू होते आणि थोड्याच वेळात तीच, मुलाच्या जन्माची चाल परत येते. या वेळी मात्र मुलाच्या जागी ‘पुरुष’ हा शब्द आहे: पहिल्या बाजूवर मुलगा जन्मतो, दुसऱ्या बाजूवर त्याच सुरांत एक प्रौढ माणूस जन्मतो. माझ्या मते सगळी ‘संकल्पना’ या एका बदललेल्या शब्दात आहे. एका पोराला समाजाने, शाळेने, बापाने, सैन्याने आपल्या साच्यात कसे घालून काढले, हे सांगण्यासाठी अँडरसन यांनी कथानक रचले नाही. चाल तीच ठेवली आणि शब्द बदलला. अखेरीस बालवीरांना मारलेल्या हाकांची चाल पुन्हा येते, या वेळी डेव्हिड पामर यांनी रचलेल्या तंतुवाद्यांच्या साथीने भरदार होऊन (हेच संगीतरचनाकार आता डी पामर या नावाने ओळखले जातात), आणि अगदी शेवटी उरते ती पहिल्या मिनिटातली एकटी गिटार आणि पहिल्या कडव्याचे शब्द.

आपण ख्यालाची सवय सांगितलीत, म्हणून सावध करतो की ती इथे निम्मीच उपयोगी पडेल. ख्यालात मुखडा परत परत येतो, पण त्याखालचा तालाचा आवर्तनाचा हिशेब कायम असतो; श्रोता समेची वाट पाहतो आणि त्या वाट पाहण्यातच त्याचे सुख असते. इथे मात्रांचा हिशेब मध्येच बदलतो, लयही बदलते, आणि आपण सम शोधत राहिलात तर दर दोन मिनिटांनी पायाखालची फरशी सरकल्यासारखे वाटेल. आपण पंधराव्या मिनिटाच्या आसपास थकता त्याचे एक कारण हेच असावे, असा माझा अंदाज आहे. मोजणे सोडून द्यावे. शिवाय इथे विस्तार जवळजवळ सगळा आधी ठरवलेला आहे, एकल वादनाच्या काही जागा सोडल्या तर उपज अशी नाहीच.

त्यापेक्षा नारदीय कीर्तनाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवणे मला जास्त सोयीचे वाटते. बुवा आधी मूळ अभंग म्हणतात, मग पूर्वरंगात निरूपण करता करता श्लोक, ओव्या, साक्या, दिंड्या, इतर संतांची वचने अशी भटकंती होते; उत्तररंगात आख्यान लागते; पण किती दूर गेले तरी शेवटी मूळ अभंगाशी येऊन थांबतात, आणि तो अभंग सुरुवातीला ऐकला होता त्यापेक्षा वेगळा लागतो. आमच्या बैठकीत हा दाखला दिल्यावर दोन-तीन वयस्क श्रोत्यांचा चेहरा एकदम खुलला होता. अर्थात दाखला तो दाखलाच. इथे आख्यान नाही, आणि बुवांच्या जागी एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा, दाढी वाढवलेला स्कॉटिश माणूस आहे.

बासरीबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्याकडच्या अनेकांना ती खटकते. बांबूच्या बासरीतली मींड आणि श्वासाची गोलाई इथे शोधू नये. अँडरसन यांनी १९६७ च्या सुमारास गिटारवादनात एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्यांशी आपला निभाव लागणार नाही, या विचाराने बासरी हाती घेतली आणि स्वतःच शिकली. वाजवता वाजवता त्याच फुंकरीत घशातून आवाज काढायचा, गुरगुरायचे, मध्येच शब्द पुटपुटायचे, ही तऱ्हा जाझमधल्या रोलंड कर्क यांच्याकडून आलेली. रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार जे धसमुसळे काम करते, ते काम या बासरीने वाटून घेतले आहे, असे समजून ऐकले म्हणजे तो खरखरीतपणा दोष वाटत नाही. बँडच्या नावाविषयीही ओघात सांगतो: जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतीसुधारक, घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र बनवणारा. आपल्याकडे तिफण आणि पाभर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या असल्यामुळे त्याचे कौतुक मराठी शेतकऱ्याला कितपत वाटेल, कोण जाणे.

आता आमच्या बैठकीतल्या त्या बाईंचे म्हणणे. त्यांच्या मते दुसऱ्या बाजूचा आरंभीचा भाग, जिथे ढोलवादन सुटे होते आणि मग सगळी वाद्ये आणि तुटक बोलणे एकमेकांत घुसत जाते, तो भाग रचनेने मागितलेला नाही. मैफलीत टाळ्या घेण्यासाठी असतो तसा तो घातलेला आहे. मी त्यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. १९७२ च्या दौऱ्यात हे सगळे गाणे रंगमंचावर सादर होई तेव्हा मध्येच टेलिफोन वाजणे आणि असे अनेक प्रहसनवजा प्रकार घालून ते तासाभराच्या पलीकडे जाई, आणि तिथे असे ढोलवादन शोभूनही दिसत असेल. फक्त एक विनंती करतो की तो भाग पुढे ढकलू नये. त्या गोंधळातून बाहेर पडल्यावर जी हलकी, जवळजवळ नितळ अकूस्टिक जागा येते, ती गोंधळ ऐकलेल्यालाच नितळ वाटते. दोन-तीनदा मी लोकांना तो भाग गाळून ऐकवून पाहिले, आणि पुढची जागा अगदी फिकी पडली.

रेकॉर्डचा विचार न करता ही रचना पूर्ण कळत नाही, आणि इथे माझ्या धंद्याचा विषय येतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डच्या एका बाजूवर २० ते २५ मिनिटांच्या वर संगीत बसवायचे तर आवाजाची पातळी कमी करावी लागते, कारण मोठा आवाज रुंद खाच मागतो आणि जागा मोजकी असते. त्यात आणखी एक अडचण अशी की रेकॉर्ड सारख्याच गतीने फिरत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत, लेबलाजवळ, फक्त २१ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे बाजूच्या शेवटी तितकेच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते. तिथे झांजा आणि कर्कश उंच सूर फाटू लागतात. या अल्बमची पहिली बाजू २२ मिनिटांच्या वर जाते आणि विरत संपते. दुसरी बाजू एकट्या गिटारवर आणि आवाजावर संपते. हे मुद्दाम केले असेल असा माझा दावा नाही, पण अशा शांत शेवटामुळे सुई सर्वांत कमजोर असते तिथे तिच्यावर भार कमी येतो, हे मी उतरवून घेताना दर वेळी पाहिले आहे. बाजू उलटण्यासाठी उठावे लागणे हाही रचनेचाच भाग आहे: मुलगा आणि प्रौढ पुरुष यांच्या मधली वर्षे त्या उठण्या-बसण्यात जातात. माझ्या कॅसेटवर ती वर्षे एका खटक्यात संपत होती.

तेव्हा आपण ऐकावे कसे, तर पुढील पाचव्या प्रयत्नात शब्दांचा कागद बाजूला ठेवावा. पहिल्या दिवशी फक्त सुरुवातीची तीन मिनिटे दोन-तीनदा ऐकावीत, गुणगुणता येईपर्यंत. अमेरिकेतल्या रेडिओसाठी आणि पुढे १९७६ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी एवढाच तुकडा कापून काढला गेला होता, आणि पुष्कळ लोकांना हा अल्बम म्हणजे ती तीन मिनिटेच ठाऊक आहेत; पण आपल्याला ती ओळख म्हणून हवी आहेत. दुसऱ्या दिवशी पहिली बाजू संपूर्ण ऐकून थांबावे. पंधराव्या मिनिटाला कंटाळा आला तर येऊ द्यावा, फक्त बालवीरांच्या हाकांपर्यंत टिकावे. त्या ऐकू आल्या की बाजू संपत आली असे समजावे. एक-दोन दिवस जाऊ देऊन मग दुसरी बाजू घ्यावी, आणि ओळखीची चाल कुठे परत येते एवढेच पाहावे. हे झाल्यावर वृत्तपत्र वाचावे, त्यानंतर शब्द. शब्द शेवटी वाचायला सांगतो त्याचे कारण असे की ते मुद्दाम एका अकाली प्रौढ पोराच्या फुगलेल्या काव्यासारखे लिहिलेले आहेत. त्यातल्या काही ओळी सुंदर आहेत, काही निव्वळ पोकळ आहेत, आणि कोणती कोणत्या प्रकारची, हे आधी सूर कानात बसल्याशिवाय ठरवता येत नाही. बिगल्स नावाच्या विमानवीराचा उल्लेख येतो, तो इंग्लंडमधल्या पोरांच्या पुस्तकांतला शूर वैमानिक. एवढी एक टीप पुरे.

हे करूनही मन लागले नाही तर तो अल्बम आपल्यासाठी नाही, असे खुशाल समजावे. त्याच काळातले दुसरे दरवाजे उघडे आहेत. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सुट्या गाण्यांत विभागलेला असल्यामुळे नव्या श्रोत्याला सोपा जातो. ‘येस’ या बँडचा त्याच वर्षाच्या अखेरचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचलेला आहे, म्हणून आपल्याकडचे लोक त्याकडे उत्सुकतेने वळतात. मात्र तो ८० मिनिटांहून मोठा आहे आणि माझ्या मते त्यात पाणी बरेच घातलेले आहे. ४४ मिनिटे जड जात असताना तिकडे जाऊ नये.

राहिला आवृत्तीचा प्रश्न. २०१२ मध्ये, अल्बमला ४० वर्षे झाली तेव्हा, स्टीव्हन विल्सन यांनी त्याचे नवे मिश्रण केले. यात आणि नुसत्या ‘रीमास्टर’मध्ये फरक आहे. रीमास्टर करणारा तयार झालेल्या अंतिम टेपेवर उजळणी करतो, म्हणजे शिजलेल्या भाजीत मीठ-लिंबू कमी-जास्त करण्यासारखे. नवे मिश्रण करणारा प्रत्येक वाद्याच्या मूळ, वेगवेगळ्या मुद्रणांपर्यंत मागे जातो आणि पुन्हा फोडणीपासून सुरुवात करतो. विल्सन यांनी मूळ तोल फारसा बिघडवलेला नाही. ऑर्गन आणि गिटार एकमेकांत अडकत होते ते सुटे झाले आहेत, आणि बासची रेघ स्पष्ट ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने हीच आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या डिजिटल आवृत्त्यांत रचनेचे तुकडे पाडून त्यांना नावे दिलेली आहेत त्या अभ्यासाला बऱ्या पडतात, पण त्या ऐकताना गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे बटण बंद आहे ना, आणि दोन तुकड्यांमध्ये खंड पडत नाही ना, हे आधी तपासावे. आमच्याकडे एकदा प्रौढ माणूस आधी जन्मला आणि मुलगा नंतर, आणि ते अर्ध्या तासाने कोणाच्या तरी लक्षात आले.

जुनी रेकॉर्ड घ्यायची हौस असेल, तर विक्रेत्याला आधी एवढेच विचारावे की वृत्तपत्र पूर्ण आहे का. पुढच्या अनेक आवृत्त्यांमध्ये ते आखडते घेतलेले आहे आणि जुन्या प्रतींमधून पाने गळलेली असतात. ओरखडे थोडे चालतील, गळालेली पाने भरून येत नाहीत. रेकॉर्ड लावून पाहता आली, तर सुरुवात ऐकू नये, दोन्ही बाजूंची शेवटची तीन मिनिटे ऐकावीत. झिजलेली सुई वापरलेली असेल तर ती तिथे उघडी पडते. माझ्या प्रतीची पाने सगळी आहेत, आणि शब्दकोडे आधीच्या कोणा मालकाने पेन्सिलीने निम्मे सोडवून ठेवलेले आहे. उरलेले मी तीस वर्षांत अधूनमधून प्रयत्न करूनही पुरे करू शकलेलो नाही.